कॅल्शियमची बाटली

माझ्या धाकट्या बहिणीला फिट येतात ही गोष्ट आमच्या घराबाहेर कोणाला कळू द्यायची नाही, असं ठरवलं ते मी. ठरवायला दुसरं कोणी उरलंही नव्हतं. बाबा वकिली करता करता अचानक गेले, आई माझ्या शब्दाबाहेर नव्हती, आणि बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी म्हणेन ती पूर्वदिशा. अमरावतीला राजापेठेत माझी गणिताची शिकवणी आहे. दिवसभर साठ-सत्तर पोरांना 'असं कर, असं करू नको' सांगायचं, ती सवय घरी आल्यावर सुटत नाही. नवरा म्हणतो, तुझ्याशी संसार म्हणजे रोज पाढे म्हणणं. म्हणू दे.

तिला पहिली फिट आली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कौंडण्यपूरच्या यात्रेला निघायचं होतं आणि तिचं नाक दोन दिवसांपासून वाहत होतं, अंग कोमट होतं. आई म्हणाली राहू दे. मी कॉलेजात जाणारी, मला यात्रेला जायचं होतं, आणि तिला सोडून आई येणार नव्हती. मी म्हटलं, "सर्दीनं काय होते, चल!" देवळातून बाहेर पडून नदीकडे उतरताना ती आडवी झाली. हातपाय झाडत होती, डोळे पांढरे. लोक गोळा झाले. एकानं फोडलेला कांदा आणला, दुसऱ्यानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. मी ती चप्पल भिरकावून दिली आणि त्या माणसाशी भांडत बसले. बहीण तशीच पडलेली, आणि मी भांडतेय. माझं सगळं असंच असतं.

त्या वर्षात तीनदा आली. तिन्ही वेळा आधी सर्दी-खोकला, मग ताप, मग झटका. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून गोळ्या सुरू केल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. आईला आणि मला समोर बसवून त्यांनी सांगितलं की हिच्या मेंदूला तापाचं वावडं आहे. साधा फ्लू तुम्हा-आम्हाला दोन दिवस अंथरुणावर पाडेल, हिला झटका आणू शकतो. तापाच्या दिवसांत गोळी एकही चुकवायची नाही. उलटी झाली, गिळता येईना, काहीही झालं तरी आधी आम्हाला विचारायचं. हे मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघही मारली होती. वही अजून आहे.

गोळ्या लागू पडल्या. मग बारा वर्षं काहीही झालं नाही.

तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा पहिलं स्थळ अचलपूरचं आलं. चांगले शिकलेले लोक. आम्ही त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पोहे खाल्ले, पोरगी लाखात एक आहे म्हणाले, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि 'कळवतो' म्हणून गेले. त्यांनी आम्हाला काही कळवलं नाही, बाकी सगळ्यांना कळवलं. पुढची दोन स्थळं पोरगी बघायच्या आधीच मागे गेली. एका बाईनं तर फोनवर विचारलं, "थेच काय वो, मिरगीवाली?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी ठरवलं की आता झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला एक शब्द सांगायचा नाही.

अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा आम्ही मूठ झाकून बसलो. घरची शेती, मुलगा सरकारी नोकरीत, घरात तो आणि त्याची आई, दोघंच. मुलगा शांत, बहिणीला आवडला. साखरपुड्याच्या आधी ती मला म्हणाली, "ताई, त्याले तरी सांगू न."

"हात दाखवून अवलक्षण कायले?" मी म्हटलं. "बारा वर्सात आली काय तुले एकदा तरी?"

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मी लहानपणापासून धरून चालते.

बाटलीची युक्तीही माझीच. गोळ्यांच्या पाकिटावर नाव असतं, आणि आजकाल कोणीही मोबाइलवर नाव टाकून बघतं. म्हणून मी दर महिन्याला राजापेठेतल्या मेडिकलमधून गोळ्या आणायची, ओट्याशी उभी राहून एकेक गोळी पाकिटातून काढायची आणि कॅल्शियमच्या रिकाम्या पांढऱ्या बाटलीत भरायची. मग कधी मी अकोल्याला जायची, कधी ती माहेरी यायची. बायकांनी कॅल्शियम घेतलं तर कोणाला काय वाटणार? उलट तिच्या सासूबाई म्हणायच्या, "घेत जा माय, हाडं मजबूत होतात." हे सांगताना आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तीन वर्षं हे असं सुरळीत चाललं. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक होतं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्या सासूबाईंनी मला आग्रहानं बोलावलं. मला दोन दिवसांपासून खोकला होता, घसा खवखवत होता. शिकवणीतली अर्धी पोरं खोकतच होती, त्यांच्याकडूनच लागला असणार. नवरा म्हणाला, "खोकून राहिली तं कायले जातं? मग जा आठ दिवसानं." पण बाटली संपत आली होती. आणि खरं सांगायचं तर, बोलावणं मिरवायचं होतं. मी बसनं गेले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीला डोकं टेकून खोकत होते.

हळदीकुंकू झकास झालं. दुपारी आम्ही दोघी एका पलंगावर, एका रजईत आडव्या झालो आणि गप्पा मारत बसलो. मी मध्येमध्ये खोकत होते. ती म्हणाली, "ताई, तोंडावर रुमाल तं धर." मी म्हटलं, "घे, मोठी डॉक्टरीण लागून गेली." संध्याकाळी नवी बाटली तिच्या पर्समध्ये सरकवली आणि परतीची बस धरली.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. मला कळलं ते चौथ्या दिवशी, तिच्या फोनवरून. तिच्या सासूबाई म्हणजे जीव लावणारी बाई. सून आजारी पडली तर त्यांनी स्वतःची खाट तिच्या खोलीत आणली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, मुगाचं पाणी पाजलं आणि औषधांचा ताबा घेतला. कोणती गोळी कधी द्यायची हे त्याच बघणार. सासूबाईंना ती आईच म्हणते. फोनवर ती इतकी हळू बोलत होती की मला दुसरा कान बंद करावा लागला.

"ताई, आईनं बाटली उचलून ठेवली."

"कोन्ती बाटली?"

"कॅल्शियमची. तू देली थे, जुनी संपलीच होती. तापात कॅल्शियम गरम पडते म्हंते. कालपासून गोळी नाई घेतली मी, रातभर झोपबी नाई. अलमारीत ठेवली न चाबी कमरेले लावली."

माझी एक बॅच सुटत होती, दुसरी बसत होती. फळ्यावर वर्गसमीकरण अर्धं सोडवलेलं होतं. मी म्हटलं, "मग राहू दे. दोन दिवसानं काय होते? ताप उतरला की घे. तापात कॅल्शियमसाठी हट्ट करून राहिली तं त्याईले संशय नाई येनार काय?"

"पन डॉक्टर म्हनत होते न, तापात—"

"मी सांगून राहिली न तुले!"

ती गप्प बसली. मी फोन ठेवला आणि समीकरण पुरं केलं.

मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही. बोलता बोलताच मला ती वहीतली रेघ दिसली होती. डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला होता. तरी मी तसं म्हटलं, कारण मला त्या क्षणी तिच्या मेंदूपेक्षा आमच्या झाकल्या मुठीची जास्त काळजी होती. हे लिहिताना लाज वाटते. वाटायलाच पाहिजे.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी जावयांचा फोन आला. ती न्हाणीघराच्या दारात पडली होती, अंग झटके देत होतं, तोंडातून रक्त आलं होतं. तिला अकोल्यातल्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. मी आणि नवरा गाडी काढून निघालो. दुपारी पोचलो तेव्हा ती जागी होती, पण गुंगीत. जीभ चावली गेली होती. उशाशी सासूबाई, पायथ्याशी जावई. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन उभ्या होत्या.

"आधी कधी असा झटका आला होता का? लहानपणी वगैरे?" त्यांनी बहिणीलाच विचारलं.

बहिणीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. परीक्षेत पोर बाईंकडे बघतं, तशी बघत राहिली.

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "काही गोळ्या चालू आहेत?"

"कॅल्शियमच्या होत्या," सासूबाई म्हणाल्या, "थ्याबी मीच बंद केल्या."

मी ऐकून घेतलं आणि गप्प राहिले. आतून कोणीतरी ओरडत होतं की आता बोल, आता तरी बोल. पण समोर जावई उभे होते, आणि तीन वर्षं ज्यांना फसवलं त्यांच्या तोंडावर कबुली द्यायला माझी जीभ रेटेना. मला वाटलं, आली एकदा, आता सलाईन लावलंय, औषध सुरू होईल, घरी गेल्यावर गुपचूप गोळ्या सुरू करू.

पण माझ्या त्या 'नाही'मुळे डॉक्टरांचा सगळा विचारच दुसऱ्या रस्त्याला लागला. धडधाकट बाई, आयुष्यात पहिल्यांदा झटका, आणि अंगात ताप, म्हणजे मेंदूज्वर नसेल ना? नाकातला नमुना घेतला, डोक्याचा स्कॅन केला, मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं ठरलं. जावयांनी सही केली. तिला कुशीवर दुमडून झोपवलं. पडद्याआडून तिनं एकदाच हाक मारली, "ताई!" मी बाहेरून म्हटलं, "इथीच हाय मी." होतेच मी तिथे.

त्यानंतर तासाभरात दुसरा झटका आला. इंजेक्शन दिलं, थांबला, आणि लगेच तिसरा आला तो थांबेचना. तिला आयसीयूत हलवलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की श्वासासाठी नळी घालावी लागेल, मेंदूलाच सूज असण्याची शक्यता आहे, तयारी ठेवा. सासूबाई आहेत तिथेच फरशीवर बसल्या.

तेव्हा मी बोलले. तेव्हाही सरळ बोलले नाही, डॉक्टरीणबाईंच्या मागे धावत कोपऱ्यापर्यंत गेले आणि आधी वळून बघितलं की जावई ऐकत नाहीत ना. मग सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गोळीचं नाव विचारलं, किती ताकदीची, किती दिवसांपासून बंद, आणि शेवटी विचारलं, "तुम्ही आल्यापासून इथेच होता ना?" मी हो म्हटलं. भिंतीवर घड्याळ होतं. मला येऊन साडेतीन तास झाले होते. त्या पळत आत गेल्या.

तिच्या गोळीतलं औषध शिरेतून सुरू झालं. दोन दिवस ती मशीनवर होती. तिसऱ्या दिवशी नळी काढली. मणक्याचं पाणी स्वच्छ निघालं आणि नाकातल्या नमुन्यात फ्लू निघाला. तो फ्लू कुठून आला हे कोणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावून सांगितलं. म्हणाले, हा विषाणू राहतो नाकात, घशात, फुप्फुसात. पण त्याच्याशी लढताना शरीर जी उलथापालथ करतं, ती मेंदूपर्यंत पोचते. कधी कधी निरोगी माणसाच्या मेंदूलाही त्यानं सूज येते, झटके येतात. ज्यांच्या मेंदूत झटक्यांचा कल आधीपासून असतो त्यांना तर ताप, जागरण आणि चुकलेली गोळी मिळून पुरेशी होतात. इथे तिन्ही एकत्र आली.

मी गणिताची बाई. मी विचारलं, "यात फ्लूचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती?"

ते म्हणाले, "असा वेगळा काढता येत नाही हो."

मला तो काढून हवा होता. चार आणे फ्लू, बारा आणे मी, असं काहीही चाललं असतं. निदान फ्लू माझ्या बाजूनं साक्षीला उभा राहिला असता. पण फ्लूही मीच नेऊन दिला होता.

डॉक्टरांकडून सगळं कळल्यावर जावयांनी मला एकदाच विचारलं, दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये, चहा थंड होऊ देत. "ताई, आमाले सांगतलं असतं तं मी लग्न मोडलं असतं, असं वाटलं तुमाले?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "मोडलंबी असतं कदाचित. आता काय सांगू? पन लग्न झाल्यावर तं सांगाचं. गोळी तं मी देली असती न तिले."

मी उठून चहाचे पैसे दिले.

बहीण घरी आली. पण संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून नळी काढून डोळे उघडेपर्यंतचं तिला काहीही आठवत नव्हतं. हळदीकुंकू नाही, मी आलेली नाही, रजईतल्या गप्पा नाहीत. आणि तो फोनही नाही. मी 'कधीच नाही' म्हटलं ते सासूबाईंनी आणि जावयांनी ऐकलं होतं, ते लपणार नव्हतं. पण फोन फक्त आम्हा दोघींमध्ये झाला होता, आणि त्यातल्या एकीच्या डोक्यातून तो पुसला गेला होता. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

त्याची शिक्षा मला सासूबाईंनी दिली, नकळत. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "मीच उचलून ठेवली वो बाटली. माह्याच हातानं. पोरीचं औषध होतं थे, न मी म्हटलं गरम पडते." बोलता बोलता पदर डोळ्याला लागायचा. जेवण कमी झालं होतं. चाव्यांचा जुडगा त्यांनी कमरेवरून काढून सुनेच्या हातात दिला होता. आणि मी तिथे बसून त्यांची समजूत घालायची, "काकू, तुमाले काय माहीत होतं? तुमचा काय दोष?" मोठ्या मनानं! जशी काही क्षमा करायचा अधिकार माझा होता. अमरावतीला परत येताना प्रत्येक वेळी ठरवायची की पुढच्या खेपेला सांगीन. प्रत्येक खेपेला काहीतरी निघायचं. तिला अशक्तपणा आहे, आज पाहुणे आहेत, आज तिला बरं वाटतंय, कशाला बिघडवा. माणसाला स्वतःची सोय दुसऱ्याची काळजी म्हणून खपवता येते, आणि मला तर ती विद्या चांगलीच साधलेली.

दीड-दोन महिन्यांनी तिला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. जावयांना सुट्टी मिळाली नाही म्हणून मी अकोल्याला गेले. आम्ही तिघी डॉक्टरांच्या खोलीत बसलो, मध्ये बहीण, एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई. ती आता हळू बोलायची, थांबून, शब्द जुळवत. डॉक्टरांनी नवीन कागद काढला आणि विचारलं, "गोळ्या नेमक्या कशा चुकल्या?"

सासूबाई पुढे सरकल्या. "साहेब, मीच—"

"नाही," मी म्हटलं.

मी बहिणीकडे बघितलं नाही, टेबलावरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बोलले. "काकूंनी बाटली ठेवली, त्यांना माहीत नव्हतं. पण हिनं मला फोन केला होता. तापात गोळी चुकवायची नसते हे हिच्या लक्षात होतं, हिनं तसं म्हटलंही होतं. मी म्हटलं, दोन दिवसानं काय होते. मी म्हटलं, मागू नको. मी ऐकूनच घेतलं नाही. मला माहीत असून."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बहीण माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर ती माझ्याकडे बघत आली, मी काय सांगते ते ऐकायला. या वेळी ती काही ऐकायला बघत नव्हती.

"मी फोन केला होता?" तिनं विचारलं.

"हो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे तिला पटणं नव्हे, हे मला पस्तीस मिनिटांच्या तासिका घेऊन घेऊन कधी कळलं नव्हतं, ते त्या खुर्चीत कळलं. मग ती डॉक्टरांकडे वळली. "साहेब, माहं मी सांगते. लहानपनापासून सांगते. वेळ लागन जरा."

"सांगा," डॉक्टर म्हणाले.

"ताई," माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "तू बाहेर बस."

मी उठले. माझी पर्स खुर्चीत अडकली, ती सोडवायला वेळ लागला. सासूबाईंनाही वाटलं की आपणही जायचं, त्या गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. बहिणीनं त्यांचं मनगट धरलं.

"तुमी बसा, आई."